कम्प्युटेशनल ऑन्कॉलॉजीच्या फॅकल्टी पदासाठी अर्ज: रिसर्च प्लॅनमध्ये नेमकं काय मांडावं?

होटगीरोड:
मंडळी, एका राष्ट्रीय संस्थेत असिस्टंट प्रोफेसरची जागा निघाली आहे. चार पानी रिसर्च प्लॅन, एक पानी टीचिंग स्टेटमेंट, तीन रेफरी आणि ४५ मिनिटांचा सेमिनार. पीएचडी मशीन लर्निंगमधली, काम टीसीजीए या अमेरिकी कर्करोग-डेटा प्रकल्पातल्या फुप्फुसाच्या गाठींच्या स्लाइड्सवर (संगणकाने कर्करोगाचा अभ्यास, म्हणजेच कम्प्युटेशनल ऑन्कॉलॉजी). पुढे तोंडाचा कर्करोग घ्यायचा विचार आहे, गालफडाचा. आपल्याकडे तंबाखू-मावा खाणाऱ्यांत दिसतो तो. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीच्या कर्करोग नोंदणीचा डेटा प्लॅनमध्ये धरता येईल का? सुरुवातीच्या निधीत सर्व्हर किती मोठा मागावा? आणि नेट झालेली नाही, मग राज्य विद्यापीठांत अर्ज करण्यात अर्थ आहे का?

बार्शीलाईट:
नेटचं आधी उरकतो. यूजीसीने १ जुलै २०२३ पासून असिस्टंट प्रोफेसरच्या थेट भरतीला नेट किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा) ही किमान अट केली, पीएचडी ऐच्छिक. सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. राष्ट्रीय संस्थांचे नियम वेगळे असतात, जाहिरात शब्दन् शब्द वाचा.

आता बार्शी. ही नोंदणी १९८७ पासूनची, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. पण तिथे काय मिळतं ते बघा: वय, गाव, अवयव, पेशींच्या प्रकाराचा कोड, निदानाची तारीख, रुग्ण हयात आहे का. जीनोम नाही, स्लाइड्सचे स्कॅन नाहीत. त्यामुळे ‘बार्शीच्या डेटावर डीप लर्निंग’ असं लिहिलंत तर समितीतला साथरोगतज्ज्ञ पहिल्याच पानावर पेन खाली ठेवेल. त्यातून निदानानंतरचा जगण्याचा काळ, गावापासून रुग्णालयापर्यंतचं अंतर, उशिरा निदान असे प्रश्न सुटतात, आणि त्यात संगणकाचं खरं काम म्हणजे रुग्णांच्या नोंदी मृत्यूनोंदींशी जुळवणं. एकाच बाईचं नाव एकीकडे ‘तुळजाबाई’, मृत्यूनोंदीत ‘तुळसाबाई’. वयं तर ५०, ५५, ६० वर येऊन साचतात, कारण सांगणारा अंदाजे सांगतो. वयाची अट ‘तंतोतंत सारखं’ ठेवलीत तर मृत्यू जुळत नाहीत, मेलेला माणूस जिवंत मोजला जातो आणि जगण्याचा आलेख फुगतो. दोन-तीन वर्षांची सूट ठेवा, नाव उच्चारावरून जुळवा, आणि शे-दोनशे जोड्या हाताने तपासायचं काम प्लॅनमध्ये लिहा.

व्यक्तिनिहाय नोंदी संस्थेच्या परवानगीशिवाय आणि एथिक्स कमिटीशिवाय मिळत नाहीत. परदेशी सहकारी असेल तर आयसीएमआरच्या पातळीवरची मंजुरी वेगळी. एखाद्या पॅथॉलॉजिस्टचं सहीचं पत्र जोडा, ते दोन पानांच्या अल्गोरिदमपेक्षा जड पडतं.

जीपीयू_गरम:
सर्व्हरचा आकडा डेटावरून काढा, कॅटलॉगवरून नको. संपूर्ण जीनोम घेतलात, गाठ ६० पट आणि रक्त ३० पट (म्हणजे डीएनएचं प्रत्येक अक्षर सरासरी तितक्यांदा वाचलेलं), तर कच्च्या फाइल, बॅम (जीनोमशी जुळवलेल्या फाइल) आणि मधल्या फाइल धरून एका रुग्णामागे साधारण अर्धा टीबी जातो. ५० रुग्ण म्हणजे २५ टीबी, बॅकअप वेगळा. एक्झोम (जीनोममधला फक्त प्रथिनं बनवणारा भाग) घ्या: एका नमुन्याला १५ जीबी धरले तर ५० रुग्णांचे १०० नमुने दीड टीबीत बसतात. आरएनएसाठी स्टार हे जुळवणीचं सॉफ्टवेअर वापरणार असाल तर मानवी जीनोमला ३० जीबीच्या वर रॅम लागते. १२८ जीबीची मशीन सुरुवातीला पुरते. ४० पट स्कॅन केलेली स्लाइड एकेक जीबीच्या घरात जाते, त्यामुळे जीपीयूपेक्षा डिस्कवर जास्त खर्च दाखवा. मोठ्या ट्रेनिंगसाठी पुण्यात आयसर संस्थेचा परम ब्रह्म महासंगणक आहे, त्याचा वेळ मागता येतो.

आणि एसी-यूपीएस बजेटमध्ये टाका हो. सोलापूरचा मे महिना ४२-४३ अंशांचा, खोलीचा एसी रात्री बंद केला की मशीन स्वतःच वेग कमी करते. पाइपलाइन (कामांची साखळी) नेक्स्टफ्लो किंवा स्नेकमेक या साधनांत बांधा, म्हणजे वीज गेली तर जिथे थांबलं तिथून पुढे चालू होते. नाहीतर १४ तासांचं काम पुन्हा पहिल्यापासून.

एक गोष्ट बहुतेक अर्जांत चुकते. टीसीजीएचा बंद (परवानगीनेच मिळणारा) डेटा मागायला अर्जदार संस्थेत कायम पदावर लागतो आणि संस्थेच्या अधिकृत अधिकाऱ्याची सही लागते. रुजू होण्याआधी तो मिळणार नाही. पहिले सहा-आठ महिने खुल्या भागावर आखा: जनुकांची अभिव्यक्ती, कॉपी नंबर (जनुकांच्या प्रतींची संख्या), गाळणीतून काढलेली म्युटेशन्स, स्लाइड्स.

शेंगाचटणी:
वरचं पटलं, पण ५० हा आकडा कुठून आला? ५ टक्के रुग्णांत बदललेलं जनुक ५० जणांत एकदाही न दिसण्याची शक्यता ०.९५ चा ५० वा घात, म्हणजे ८ टक्क्यांच्या आसपास. ३ टक्क्यांचं असेल तर २२. त्यामुळे ‘नवी जनुकं शोधणार’ असं लिहू नका. गालफडाच्या कर्करोगावर भारतीय गटाचा एक्झोम अभ्यास २०१३ साली आलाय, यूएसपी९एक्स, एआरआयडी२ ही नावं त्यातली. तुम्ही त्यापुढचा प्रश्न घ्या, उदाहरणार्थ गाठ परत कोणाला येते.

सेमिनारमध्ये दोन ठिकाणी हमखास अडवतील. एक, स्लाइडचे तुकडे ट्रेन (शिकवण्याच्या) आणि टेस्ट (तपासण्याच्या) गटांत कसे वाटले? एकाच रुग्णाचे तुकडे दोन्हीकडे गेले की अचूकता खोटी वाढते. रुग्णानुसार वाटलंत तरी रुग्णालय उरतंच: टीसीजीएच्या स्लाइडवरून मॉडेल रुग्णालय ओळखतं, रंग सारखे करूनही. रुग्णालयानुसार वाटणी करा, एयूसी (मॉडेलच्या अचूकतेचं माप) घसरली तरी तीच दाखवा. दोन, रक्ताशिवाय नुसत्या गाठीचं सिक्वेन्सिंग (डीएनए वाचणं). जन्मजात बदलांच्या जागतिक यादीत भारतीय जीनोम कमी, म्हणून आपले दुर्मीळ जन्मजात बदल गाळणीतून निसटतात, कर्करोगाचे म्हणून मोजले जातात आणि म्युटेशनचा भार फुगतो. सोबत रक्त हवंच. जुने पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेल्या गाठी) वापरणार असाल तर फॉर्मॅलिनमुळे डीएनएच्या ‘सी’ अक्षराच्या जागी ‘टी’ दिसतो, तोही बहुतेक ५ टक्क्यांहून कमी वाचनांत. त्याची गाळणी कुठली ते लिहा.

होटगीरोड:
प्रश्न बदलतो: गाठ परत येणं, एक्झोम आणि स्लाइड्स एकत्र. रक्त कधी घ्यायचं?

बार्शीलाईट:
शस्त्रक्रियेच्या आणि केमोच्या आधी, इडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) जांभळ्या टोपणाच्या नळीत ३ ते ५ मिली, त्याच टोचणीत जमलं तर उत्तम. संमतीपत्रात ‘पुढच्या संशोधनासाठी डेटा जपून ठेवणे’ हे कलम वेगळ्या सहीचं ठेवा. आणि ते नुसतं मराठीत करू नका, सोलापूरच्या पूर्वभागातल्या रुग्णांना तेलुगू लागेल, अक्कलकोटकडच्यांना कन्नड. प्रत्येक भाषेतली प्रत एथिक्स कमिटीकडे आधी द्यावी लागते; भाषांतराचेच दोन महिने धरा.