गुडघ्याच्या वाटीखालचं दुखणं: आराम की वजन?

प्रश्न (भुसावळ): वाटीच्या खालच्या टोकाला बोट दाबलं की ठणकतं. कबड्डी बंद की बरं, खेळलं की पुन्हा तेच. वजन उचलू का?

उत्तर (जळगाव): उचला भाऊ. नुसत्या आरामाने टेंडन (वाटीला नडगीच्या हाडाशी जोडणारा पट्टा) आणखी कमजोर होतो. फार दुखत असेल तर आधी लेग एक्स्टेन्शनवर (बसून पायाने वजन उचलायचं जिममधलं मशीन) गुडघा अर्धा वाकवून ४५ सेकंद धरा, ५ वेळा. मग लेग प्रेस (तळपायांनी वजन ढकलायचं मशीन): ३ सेकंद खाली, ३ वर, १५ वेळांचे ४ सेट; पुढे वजन वाढवत १५ वरून ६ वेळांपर्यंत या. दिवसाआड, किमान १२ आठवडे. घाईत झटके देतात, तिथेच बिघडतं.

उत्तर (धुळे): १० पैकी ३ इतकं दुखलं तर चालतं. दुसऱ्या सकाळी जिना उतरताना वाढलेलं वाटलं तर वजन उतरवा, बंद नका करू. उड्या सगळ्यात शेवटी. गुडघा सुजला किंवा अडकला तर मात्र डॉक्टरच.