वटवाघळं घरात: हुसकावायची की राहू द्यायची?

कौलारू (मालवण)
आमच्या पडवीत रोज सकाळी तुळईखाली जंगली बदामाच्या कुरतडलेल्या बिया, चघळून थुंकलेल्या पानांचे चोथे आणि भिंतीवर तपकिरी पिचकाऱ्या असतात. शिवाय माळ्यावर कौलांखाली बारक्या पाकोळ्या, म्हणजे लहान वटवाघळं आहेत. वटवाघळांकडून माणसात येणाऱ्या निपाह विषाणूच्या बातम्या आल्यापासून वाडीतले लोक म्हणतात, अंगणातला बदाम तोडा आणि माळ्यावर धुरी करा. माझा याला ठाम विरोध आहे.

पडवीत येतात ती फळं खाणारी, माळ्यावरच्या पाकोळ्या किडे खाणाऱ्या. पाकोळ्या रात्रभर पतंग, डास, भातावरचे किडे टिपतात. फळं खाणारी वटवाघळं वडा-उंबराच्या बिया लांबवर नेऊन टाकतात. गोरखचिंचेचं फूल तर रात्रीच उमलतं, त्याचं परागीभवन बरंचसं त्यांच्यावर अवलंबून. बहुतेक जातींत मादीला वेताला एकच पिल्लू होतं. त्यामुळे धुरी करून एक वसाहत मारली, तर ती भरून यायला वर्षंच्या वर्षं जातात.

चिकूवाला (डहाणू)
बिया पेरतात हे कबूल. पण पाडाला आलेला चिकू रात्रीत कुरतडलेला दिसला की तुमचं परागीभवन आमच्या काय कामाचं? जाळ्यांचा खर्च आमच्याच खिशातून जातो. निसर्गाचं भलं सगळ्यांचं आणि नुकसान एकट्या बागायतदाराचं, हे मला पटत नाही.

दोन लेकरांची आई
मला बागेपेक्षा आमच्या गावच्या घराच्या माळ्याची काळजी आहे. 2018 साली कोझिकोड-मलप्पुरममध्ये निपाहने 17 जण दगावले. महाबळेश्वरच्या गुहेतून 2020 मध्ये पकडलेल्या वटवाघळांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपाहची प्रतिपिंडं सापडली, म्हणजे हे फक्त केरळातलं दुखणं नाही. त्यात सासूबाईंना दमा. माळ्यावरची वाळकी लेंडी झाडली की धूळ घरभर उडते, आणि त्या लेंडीत फुप्फुसाला धरणारी बुरशी वाढू शकते. किडे खातात म्हणून त्यांना माणसांच्या डोक्यावर कशाला ठेवायचं?

कौलारू
लेंडीचं तुमचं शंभर टक्के बरोबर. कोरडी झाडूच नका. पाणी मारून ओली करा, तोंडाला मास्क, हातात मोजे, आणि सासूबाईंना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा. पण निपाहचं नीट बघा. प्रतिपिंडं म्हणजे त्या प्राण्याला कधीतरी लागण झाली होती याची खूण. 2018 मध्ये बहुतेकांना लागण झाली ती रुग्णालयांत, माणसाकडून माणसाला. बांगलादेशात खजुराचा कच्चा रस पिण्यातून झाली, कारण वटवाघळं रात्री त्याच मडक्यांना तोंड लावतात. म्हणून उष्टं फळ खायचं नाही, उघड्या मडक्यातली ताडी-नीरा प्यायची नाही.

बदाम तोडण्याबद्दल तर मी उलटंच सांगेन. ऑस्ट्रेलियात हेंड्रा या निपाहच्याच कुळातल्या विषाणूच्या अभ्यासात दिसलं की रान आणि खाणं तुटलं की वटवाघळं वस्तीकडे सरकतात, आणि उपासमारीच्या काळात विषाणू जास्त बाहेर टाकतात.

रानवाट
कायद्याचंही सांगतो. 1972 च्या वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वटवाघळं उपद्रवी, म्हणजे मारायला मोकळीक असलेल्या प्राण्यांच्या यादीत होती, उंदीर-कावळ्यांबरोबर. 2022 च्या दुरुस्तीत ती यादीच निघाली. माळा मोकळा करायचा तर संध्याकाळी पाकोळ्या कुठल्या फटीतून बाहेर पडतात ते बघा. त्या फटीवर वरून जाळी सैल सोडा, म्हणजे बाहेर पडता येतं, परत शिरता येत नाही. सगळ्या गेल्यावर फट लिंपा. मात्र आत पिल्लं असतील तर ती उडायला लागेपर्यंत थांबा, नाहीतर आत मरून कुजतील.

आणि जमिनीवर पडलेलं वटवाघूळ पोरांना हातात घेऊ देऊ नका. चावलं किंवा ओरखडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा. रेबीजच्या लशीत दिरंगाई चालत नाही.

चिकूवाला (डहाणू)
बागेच्या जाळ्यांना अनुदान द्या, मग वटवाघळांच्या बाजूने मीही बोलेन.

दोन लेकरांची आई
बदामाला हात लावू नका, तेवढं पटलं. पण माळ्याच्या फटी लिंपून झाल्याशिवाय सुट्टीत मुलांना गावी पाठवणार नाही.