पोट दुखलं तेव्हा कशामुळे उठून दवाखान्यात गेलात? नागपूरकरणींचे अनुभव

गरोदरपणात थोडंफार पोट दुखणारच, हे प्रत्येकीला घरीदारी ऐकवलं जातं. पण कोणतं दुखणं कूस बदलून उतरतं आणि कोणत्या दुखण्यासाठी मध्यरात्री गाडी काढायची, हे ज्यांनी भोगलंय त्याच नीट सांगू शकतात. म्हणून नागपूर आणि आसपासच्या मैत्रिणींना आग्रहाने विचारते आहे: कुठे दुखत होतं, सोबत आणखी काय होतं आणि डॉक्टरांनी काय सांगितलं? ही सोबतची लक्षणं मला फार महत्त्वाची वाटतात, ती जरूर लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. पाचव्या महिन्यात शिंक आली किंवा झटकन उठले की जांघेच्या वर चमक निघायची. गर्भाशयाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे पट्टे पोट वाढताना ताणले जातात, त्याची ती चमक, असं डॉक्टर मॅडमनी तपासून सांगितलं. ताप नव्हता, अंगावरून काही जात नव्हतं, बसलं की थांबायचं. कुशीवर वळून हळू उठायला लागले आणि त्रास कमी झाला.

महाल
माझं दुखणं अगदी सुरुवातीचं, म्हणजे दीडेक महिना झाला असेल. घरच्या टेस्टवर दोन रेघा आल्या म्हणून सगळे आनंदात होते. मग ओटीपोटात फक्त डाव्या बाजूला दुखायला लागलं आणि तपकिरी डाग दिसला. आई म्हणाली, "काही नाही वं, गॅस असन." दुपारी खांद्याच्या टोकाशी विचित्र दुखायला लागलं आणि उभी राहिले तर डोळ्यांपुढे अंधारी. आईनेच रिक्षा बोलावली. सोनोग्राफीत कळलं की गर्भ नलिकेत राहिला होता, नलिका फुटून पोटात रक्त साठत होतं. ते रक्त पोट आणि छातीमधल्या पडद्याला लागलं की दुखणं खांद्यात जाणवतं. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं, रक्त चढवावं लागलं. नलिका गेली, मी वाचले. दिवस राहिल्याचं कळल्यावर एका बाजूला दुखत असेल, चक्कर येत असेल, तर पहिल्या सोनोग्राफीच्या तारखेची वाट बघू नका गं. आणि रक्तगट निगेटिव्ह असेल तर तो आधी सांगा. माझा आहे, म्हणून मला अँटी-डीचं इंजेक्शन दिलं.

मानेवाडा
माझं साधंच. लोहाच्या गोळ्यांनी पोट साफ होईना, खाली सतत दडपल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, पाणी वाढवायला सांगितलं. मनाने गोळ्या बंद करू नका.

कामठी रोड
मे महिना, कूलरसमोर बसूनही अंगाची लाही. आठवा लागला होता. पोट कडक व्हायचं, सुटायचं, पुन्हा कडक. आधीही व्हायचं तसं, पण तेव्हा पाणी पिऊन डाव्या कुशीवर पडलं की थांबायचं. या वेळी थांबेना, उलट नेमाने यायला लागलं. लघवीला जळजळ होती, तीही कोणाला सांगितली नव्हती. डागा हॉस्पिटलला गेलो. बाळाचे ठोके आणि कळा यंत्रावर पाहिल्या, आतून तपासलं, सलाईन लावलं. लघवीत इन्फेक्शन निघालं. अंगातलं पाणी कमी झालं किंवा लघवीचं इन्फेक्शन असलं तर वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात, हे तिथे कळलं. पिशवीचं तोंड उघडलं नव्हतं, औषधांनी कळा थांबल्या आणि बाळंतपण पूर्ण दिवसांचं झालं.

धरमपेठ
माझं दुखणं वरती, उजव्या बरगड्यांखाली. आदल्या दिवशी लग्नातलं जेवण झालं होतं, त्यामुळे घरात सगळ्यांच्या मते ॲसिडिटीच. सासूबाईंनी थंड दूध दिलं, उतार नाही. डोकं ठणकत होतं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. सासूबाईंचं लक्ष माझ्या सुजलेल्या चेहऱ्याकडे गेलं आणि त्यांनीच अहोंना उठवलं. बीपी १६०/११० निघालं, लघवीतून प्रोटीन जात होतं, यकृतावर ताण आला होता. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमचं इंजेक्शन दिलं आणि पस्तिसाव्या आठवड्यात सिझर केलं. मुलगी काचेच्या पेटीत होती, आता शाळेत जाते. विसाव्या आठवड्यानंतर बरगड्यांखाली दुखलं तर आधी बीपी मोजून घ्या. आणि बाळंतपणानंतरही काही आठवडे हे होऊ शकतं, माहेरी गेल्यावर विसरू नका.

उमरेड रोड (नवरा लिहितोय)
बायको अंगणात घसरून पोटावर पडली. रक्त अगदी थोडं, पण पोट लाकडासारखं घट्ट आणि दुखणं एकसारखं, मध्ये उसंतच नाही. बाळाची हालचालही तिला जाणवेना. १०८ ला फोन केला, मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. बाळाला पोसणारी वार पिशवीपासून सुटायला लागली होती. बाहेर रक्त कमी दिसलं तरी ते आत साठतं, असं डॉक्टर म्हणाले. लगेच सिझर झालं, दोघंही वाचले. रक्त किती गेलं यावरून अंदाज बांधू नका, एवढं प्रत्येक नवऱ्याला सांगावंसं वाटतं.

हिंगण्याकडची आशाताई (आशा सेविका)
फोनवर बायका फक्त "पोट दुखते" म्हणतात. मी विचारते: कितवा महिना, येऊन-जाऊन दुखते की सारखं, रक्त किंवा पाणी गेलं का, ताप, उलट्या, लघवीला जळजळ, डोकेदुखी, बाळ हलतं का. यातलं काहीही असलं तर तपासायला पाठवतेच. उजवीकडे दुखून ताप-उलट्या असल्या तर अपेंडिक्सही असू शकतं, आणि पोट वाढल्यावर ते दुखणं नेहमीच्या जागेपेक्षा वर जाणवू शकतं. मेडिकलमधून दुखण्याची गोळी मनाने आणू नका, काही गोळ्या बाळाला चालत नाहीत. सरकारी दवाखान्यात जायला गरोदर बाईसाठी १०२ ची गाडी फुकट मिळते.

नंदनवन
सगळं वाचतेय. मला तेहतिसावा आठवडा आहे. दुपारपासून दर दहा मिनिटांनी पोट कडक होतंय, कंबरही भरून आलीय. उद्या तपासणीची तारीखच आहे, तोवर थांबू का?

धागाकर्ती
थांबू नका ताई. सदतीस आठवड्यांच्या आत नेमाने कळा आल्या तर त्याच वेळी तपासायचं. डॉक्टरांना फोन करून निघा, फाइल आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट घ्या, गाडी दुसऱ्या कुणाला चालवू द्या. पोचल्यावर कळवा.

नंदनवन
भरती करून घेतलंय. पिशवीचं तोंड थोडं उघडलंय. बाळंतपण लांबवायला औषध सुरू आहे आणि बाळाच्या फुफ्फुसांसाठी इंजेक्शन दिलंय, बारा-बारा तासांनी चार डोस. पहिला झाला. जाऊबाई सोबत आहेत.