इन्सुलिनची सुई कचऱ्यात टाकणाऱ्या घराला दंड करावा का?

तिसरा मजला (धागाकर्ता)
पुण्यातील आमच्या ४८ सदनिकांच्या सोसायटीत गेल्या महिन्यात सुका कचरा निवडताना कचरावेचक ताईंच्या अंगठ्यात इन्सुलिन पेनची सुई शिरली. जेमतेम चार मिलिमीटरची ती सुई टोपण न लावता चिवड्याच्या रिकाम्या पाकिटात टाकलेली होती. ताईंनी ही गोष्ट आम्हाला चार दिवसांनी सांगितली आणि सुई कोणत्या घरातील, हे अर्थातच कोणी कबूल केले नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग प्रत्येक घराने स्वतः वेगळे करायचे होते. सुया, दिव्यांच्या ट्यूब, मुदत संपलेली औषधे, बॅटऱ्या आणि कीटकनाशकांचे डबे हे सारे तिसऱ्या भागात येत होते. येत्या सर्वसाधारण सभेत मी असा ठराव मांडणार आहे, की या वस्तू मिसळून देणाऱ्या सदनिकेला ५०० रुपये दंड करावा. आपली मते कळवावीत.

वाहती मुठा
माझा या दंडाला ठाम विरोध आहे. ज्या नियमांचा आपण आधार घेता, त्याच नियमांत दर २० चौरस किलोमीटरमागे घरगुती घातक कचऱ्याचे एक संकलन केंद्र उभारून त्याच्या वेळा जाहीर करण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकलेली होती. आपल्या ४८ घरांपैकी किती जणांना असे केंद्र ठाऊक आहे? माझ्या माळ्यावर बंद पडलेल्या तीन ट्यूब दोन वर्षे पडून आहेत. त्यांत पारा असतो म्हणून फोडवत नाही आणि घंटागाडीवाला त्या घेत नाही. नेऊन द्यायला जागाच नसताना दंड आकारणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय. उत्पादकांना तर आपण सोडूनच दिले आहे. प्रत्येक सॅनिटरी नॅपकिनबरोबर विल्हेवाटीसाठी पिशवी किंवा वेष्टन देण्याची अपेक्षा याच नियमांनी त्यांच्याकडून केली होती. पुण्यातील ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने २०१३ मध्ये वापरलेले नॅपकिन कंपन्यांनाच परत पाठवले होते, ते उगाच नव्हे.

तिसरा मजला
केंद्राचा मुद्दा मान्य आहे. मात्र त्या सुईला टोपण लावण्यासाठी कोणत्याही केंद्राची गरज नव्हती.

औषधवाला
दंडाच्या वादात पडण्यापूर्वी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. सुई टोचल्यानंतर एचआयव्ही प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर सुरू करावे लागते, त्यामुळे ‘चार दिवसांनी सांगितले’ हे वाक्य मला दंडापेक्षा अधिक अस्वस्थ करते. हिपॅटायटिस बीचा विषाणू तर शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. त्यावर लस उपलब्ध आहे; ती ताईंना सोसायटीच्या खर्चाने द्यावी, त्यासाठी ठरावाची वाट पाहू नये. रुग्णालयांत सुयांसाठी पांढरे, सुईने न भोसकले जाणारे डबे असतात. घरी द्रव साबणाची जाड प्लास्टिकची बाटली तेच काम करते. ती पाऊण भरली की झाकण घट्ट लावून चिकटपट्टी मारावी आणि वर ‘सुया’ असे ठळक लिहावे.

गोड रक्त
मी दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेतो, म्हणजे महिन्याला साधारण १२० सुया. ती सुई माझी नव्हती, परंतु सभेत सगळ्यांच्या नजरा कोणाकडे वळतील हे मला ठाऊक आहे. दंड लावलात तर माणसे सुया शौचालयात टाकतील किंवा रात्री कोपऱ्यावरच्या ढिगात नेऊन फेकतील, आणि तुमच्या नोंदवहीत मात्र सोसायटी निर्मळ दिसेल.

दिवेघाट
माझी आई वीस वर्षे कचरा वेचत होती. येथे हातमोज्यांचा उल्लेख कोणी केलेला नाही, म्हणून सांगतो, की रबरी मोज्यातून सुई सहज आरपार जाते आणि जाड मोज्यात बोटांना वस्तू ओळखू येत नाही, म्हणून आई उजव्या हाताचा मोजा काढूनच निवडत असे. नॅपकिन गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकावेत, असे २०१६ च्या नियमांनी सांगितले. पण हाताने उघडून निवडला जातो तो सुका कचराच! वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढलेला असला की ती पुडी उघडायची नसते, एवढे आईला समजत असे. तिच्या वाट्याच्या साठेक घरांपैकी ठिपका सहा-सात घरेच काढत. त्या घरांत घातक कचऱ्याचे केंद्र नव्हते, लाल पेन होते. त्यामुळे वाहती मुठा यांचे म्हणणे ट्यूबच्या बाबतीत मला पटते, नॅपकिनच्या बाबतीत अजिबात पटत नाही.

तिसरा मजला
लसीचे आणि रक्ततपासणीचे पैसे आजच काढतो. ठराव बदलून असा मांडतो: जिन्याखाली सुयांच्या बाटल्यांसाठी कुलूपबंद पेटी ठेवावी आणि जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्या यंत्रणेशी ज्यांचा करार आहे, अशा जवळच्या एखाद्या रुग्णालयाला त्या स्वीकारण्याची लेखी विनंती करावी. ट्यूबसाठी महापालिकेला पत्र द्यावे. पेटी बसल्यानंतर तीन महिन्यांनी मात्र दंड लागू व्हावा.

वाहती मुठा
पेटीच्या वर्गणीत माझे नाव पहिले लिहा. दंडाच्या कलमाला मी सभेत विरोध नोंदवणारच आहे, कारण रुग्णालयाने नकार दिला तर ती भरलेली पेटी कोणी उचलायची, याचे उत्तर ठरावात अद्याप नाही.