जुलैत मुंबईला जाताना सामानात काय घ्यावे?

प्रश्न: आईच्या तपासणीसाठी नागपूरहून पाच दिवस परळला जायचे आहे. सोबत काय घ्यावे?

उत्तर: जीन्स टाळावी, कारण दमट हवेत ती दोन-दोन दिवस वाळत नाही, लवकर वाळणारे कपडे आणि मागे पट्टा असलेल्या रबरी चपला घ्याव्यात. तपासणीचे कागद मात्र दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवावेत.

उत्तर: आईंना रेनकोट द्यावा, म्हणजे त्यांचे हात आधारासाठी मोकळे राहतील. परळजवळच्या हिंदमाता परिसरात पाणी साचते. पायाला जखम असल्यास त्यात मुळीच उतरू नये, लेप्टोस्पायरोसिसचा (दूषित पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाच्या आजाराचा) धोका असतो. औषधे दोन दिवसांची जादा असू द्यावीत, कारण २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा असंख्य लोक वाटेतच अडकले होते.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. रेनकोट आजच आणतो.