मदत हवी आहे: भाऊ गेलेल्या मुलीसाठी मराठी कादंबरी

माझी भाची सोलापुरात दहावीला आहे. मागच्या पावसाळ्यात तिचा मोठा भाऊ गेला. घरात आता त्याचं नावही कोणी काढत नाही. ती मात्र त्याचा फुल बाह्यांचा शर्ट घालून बसते, इथल्या उन्हाळ्यातसुद्धा. वाचन तेवढं सुटलेलं नाही.

जँडी नेल्सन यांच्या 'द स्काय इज एव्हरीव्हेअर'मध्ये (२०१०) बहीण गमावलेली लेनी कागदाच्या कपट्यांवर, कपांवर कविता लिहून ठेवते. अगदी असंच काही हवंय, पण मराठीत. इंग्रजी तिला जड जातं. अनुवादही चालेल. उपदेश करणारं, 'धीर धर' म्हणणारं कृपया नको. राग असावा, आईबाबांचं आपल्याकडे लक्षच नाही ही बोचही असावी.

हिराचंद नेमचंद वाचनालयात मिळण्यासारखं असेल तर फारच बरं. कोणी सुचवाल का?