ओएचसीतल्या सिस्टरला एम.एस्सी. कशाला?

शिफ्टवाली
चाकणला एका कारखान्याच्या ओएचसीत (ऑक्युपेशनल हेल्थ सेंटर, म्हणजे कामगारांचं आरोग्य केंद्र) नर्स म्हणून अकरा वर्षं झाली. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा, मग पोस्ट बेसिक ही पदवी. डॉक्टरांना एएफआयएच हा कामगार-आरोग्याचा कोर्स आहे, सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमध्ये तीन महिन्यांत होतं. आम्हाला काय? कम्युनिटी हेल्थमधून एम.एस्सी. करा, त्यात कारखाना धड्यापुरता, वर दोन वर्षं नोकरी सोडा. नोकरी सांभाळून करता येईल अशी ऑक्युपेशनल हेल्थ नर्सिंगची पदव्युत्तर पदवी हवीच.

परवा प्रेस शॉपमधल्या (पत्रा दाबून आकार देणारा, मोठ्या आवाजाचा विभाग) एका दादांचे तीन वर्षांचे ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचे आलेख, शेजारी शेजारी मांडले. ४००० हर्ट्झला खड्डा, म्हणजे आवाजाने कान गेल्याची खूण, दरवर्षी आणखी खोल. तिन्हींवर शिक्का 'फिट'.

सेफ्टीशूज
सिस्टर, राग मानू नका, पण तो खड्डा ओळखायला एम.एस्सी. कशाला? एका दुपारचं काम आहे. आमच्याकडे चाचणीची व्हॅन येते आणि रात्रपाळी सुटलेली माणसं रांगेत उभी करतात. आवाजातून थेट आलेले कान तात्पुरते बधिर असतात, रिपोर्ट चुकणारच. हे मला सेफ्टीवाल्याला कळतं! आठवड्याचा चांगला कोर्स पुरे. पदवी आणलीत तरी पगार तोच, पोस्ट कंत्राटी.

शिफ्टवाली
कंत्राटीचं खरंय, मीही एजन्सीचीच. पण ओळखल्यावर पुढे काय? रात्रपाळीनंतर चाचणी नको, हे मी दोनदा सांगितलं. उत्तर मिळालं, "सिस्टर, तुम्ही गोळ्या द्या." आवाजाने येणारा बहिरेपणा कायद्याने सरकारला कळवायच्या आजारांत आहे. तो मीटिंगमध्ये मांडायचा तर कुठल्या मशीनवरची किती माणसं, किती वर्षांत, असा हिशेब लागतो. तो आठवड्यात शिकून होत नाही हो.

ट्यूटरबाई
नर्सिंग कॉलेजात शिकवते म्हणून बोलते. पदवीला माझा होकार, 'नोकरी सांभाळून'ला नकार. रविवारच्या वर्गांची हजेरी कशी लागते ते आपण सगळ्या जाणतो. क्रिटिकल केअरच्या नर्स प्रॅक्टिशनरची एम.एस्सी. बघा, आयसीयूत काम करत करतच शिकायचं. तसं ओएचसीत करा.

सेफ्टीशूज
आणि शिकवणार कोण? आमचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा, तेही तासाभरासाठी.

शिफ्टवाली
बाई, कल्पना आवडली, पण एक अडचण. मी प्रेस शॉप बघितलं, फाउंड्री नाही, केमिकल तर नाहीच. दुसऱ्या कंपनीच्या गेटच्या आत मला शिकायला कोण घेईल? आमच्याकडे तर सख्ख्या व्हेंडरलाही मोबाइल बाहेर ठेवायला लावतात.

ट्यूटरबाई
हा प्रश्न मात्र आमच्या अभ्यासक्रम समितीत कुणी काढलाच नव्हता.